शाळा नव्याने बांधायची, भूकंपात टिकेल अशी : पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकेच्या शाळांतल्या पालकांसाठी आहे. त्यातही शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आलेल्या, पण अभियंता नसलेल्या पालकांसाठी. उदाहरणं लातूर-धाराशिवकडची जास्त आहेत, कायदा मात्र राज्यभर तोच.

आमच्याकडे कित्येक वर्षांत मोठा भूकंप झालेला नाही. मग शाळा त्यासाठी वेगळी कशाला बांधायची?

किल्लारीलाही १९९३ च्या आधी असंच वाटत होतं, आणि त्या वेळचा नकाशाही तेच सांगत होता. हा सगळा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून गावं झोपलेली असताना, ६.२ च्या आसपासचा धक्का बसला आणि आठ हजारांच्या घरात माणसं गेली. मारलं ते दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि डोक्यावरच्या माळवदांनी, म्हणजे लाकडावर मातीचा जड थर असलेल्या छपरांनी. ५२ गावं पुढे नव्या जागी वसवावी लागली. २००२ मध्ये झोन एक नकाशावरूनच काढून टाकला गेला आणि लातूरचा भाग झोन तीनमध्ये आला. त्याच नकाशात कोयना परिसर झोन चारमध्ये होता. तिथला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही पहाटेचाच.

दोन्ही मोठे भूकंप पहाटेचे, म्हणून आपल्या आठवणीत भूकंप म्हणजे पडलेली घरं. पडलेल्या शाळा आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत, कारण त्या वेळी शाळेत कुणी नव्हतं. ८ ऑक्टोबर २००५ ला काश्मीरचा भूकंप सकाळी, शाळा भरल्यावर आला. नियंत्रणरेषेपलीकडे हजारो मुलं वर्गातच दगावली. भुजचा धक्का २६ जानेवारी २००१ ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी बसला. प्रजासत्ताक दिन असल्यानं नेहमीसारखे वर्ग भरलेले नव्हते, तरीही ९७१ विद्यार्थी आणि ३१ शिक्षक गेले. अंजारमध्ये तर मिरवणुकीतली मुलं अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींखाली सापडली.

अलीकडचं सांगायचं तर डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि हिंगोलीत २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. अशा धक्क्यांनी नीट बांधलेली इमारत पडत नाही. मोडकळीला आलेल्या वर्गखोलीबद्दल तसं म्हणता येत नाही.

आम्ही पालक. आमचं कोण ऐकणार? आम्हाला नेमका अधिकार काय?

शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २१ म्हणतं की शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करणं हे याच समितीचं काम आहे. सरकारनं द्यायच्या निधीचं नियोजन त्या आराखड्याच्या आधारे व्हावं, असंही तिथेच लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापक मागच्या वर्षीचा आराखडा नव्या तारखेनं उतरवून काढतात आणि सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. शाळेच्या इमारतीचा विषय पुढे सरकवायचा असेल तर पहिली सही थांबवायची जागा हीच. आराखड्यात 'दोन वर्गखोल्या दुरुस्ती' असं मोघम न लिहिता, 'इमारतीची भूकंपाच्या दृष्टीनं तांत्रिक तपासणी आणि अहवालानुसार मजबुतीकरण किंवा पुनर्बांधणी' असं लिहून घ्या.

सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये अविनाश मेहरोत्रा खटल्यात सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला २००४ मधल्या कुंभकोणमच्या आगीतून उभा राहिला होता, ज्यात ९४ मुलं जळून गेली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ ची आहेत. अर्जात या दोन्हींचा उल्लेख एका ओळीत करावा. साहेबांना कायदा शिकवायला जाऊ नये, त्यानं अर्ज लांबतो आणि काम थांबतं.

तिसरं हत्यार माहितीच्या अधिकाराचं. दहा रुपयांचं शुल्क आणि ३० दिवसांची मुदत सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या कायद्याच्या कलम २ (ञ) मध्ये फक्त कागदांच्या प्रती मागण्याचा नाही, तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. शाळेच्या कामावर हे कलम सोन्यासारखं आहे.

भिंतींना तडे गेलेत. शाळा धोकादायक आहे की नाही हे आम्ही कसं ओळखायचं?

तुम्ही ओळखायचं नाही, नोंदवायचं. ठरवणार अभियंता.

काळ्या मातीवरच्या इमारतींना दर उन्हाळ्यात तडे पडतात आणि पावसाळ्यात थोडे मिटतात, कारण माती आकसते आणि फुगते. असा प्रत्येक तडा भूकंपाचा किंवा मरणाचा नसतो. मात्र पाया मुरमापर्यंत गेलेला नाही, असा संशय घ्यायला तो पुरेसा आहे. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वर गेलेला तडा, दोन भिंतींच्या जोडावरचा उभा तडा, बाहेर फुगलेली दगडी भिंत, स्लॅबखालून गळालेलं प्लास्टर आणि दिसणारी गंजकी सळई, छपराच्या तुळईचं भिंतीवरून सरकलेलं टोक : यांचे फोटो काढा, शेजारी पट्टी धरून. तड्याच्या टोकाला पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा. दोन महिन्यांनी तडा खुणेच्या पुढे गेला असेल तर तुमचा अर्ज एकदम वजनदार होतो.

मग मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करायची की बांधकाम विभागानं पाहणी करून अहवाल द्यावा. 'पाहणी केली' एवढ्यावर समाधान मानू नका. कोणत्या खोलीत मुलं बसवायची आणि कोणत्या नाही, हे त्या अहवालात खोलीनिहाय यायला हवं. महापालिका हद्दीत तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, कायद्यानंच सक्तीचं आहे. पालिकेच्या स्वतःच्या शाळेला त्यातून सूट नाही, हे सांगायला लाजू नये.

निंबोडीची घटना आठवत असेल. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या त्या गावात शाळेच्या खोलीचं छत पावसात कोसळलं आणि तीन मुलं गेली. भूकंप नव्हता, पाऊस होता. भूकंपासाठीची तपासणी ही रोजच्या धोक्याचीही तपासणी असते, म्हणून 'भूकंप कुठे होतोय' या वादात वेळ घालवू नका.

शाळा एकदा पाडली की परत बांधतच नाहीत, अशी भीती आहे. निर्लेखनाला, म्हणजे इमारत मोडीत काढायला, संमती द्यावी का?

ही भीती खोटी नाही. पटसंख्या वीसच्या खाली असेल तर आणखीच. जुनी इमारत पाडून झाली, नवी मंजूर नाही, मुलं समाजमंदिरात, आणि दोन वर्षांनी कुणीतरी सुचवतं की शेजारच्या गावची शाळा जवळच आहे, तिथेच पाठवा. असं झालेलं अनेकांनी पाहिलंय. म्हणून कित्येक गावं मोडकी शाळा छातीशी धरून बसतात आणि मुलांना तिच्यातच बसवतात. त्यातून गाव शाळा वाचवतं आणि मुलांचा जीव टांगणीला लावतं.

यातून वाट काढायची तर दोन गोष्टी वेगळ्या करा : खोली रिकामी करणं आणि इमारत पाडणं. अहवालात खोली धोकादायक ठरली तर ती आजच रिकामी करायची, कुलूप लावायचं, फलक लावायचा. यात वाटाघाट नाही. पाडण्याच्या ठरावात मात्र घाई करू नका. निर्लेखनाचा प्रस्ताव शाळा, पंचायत समिती, बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषद असा प्रवास करतो. त्याच प्रवासात नव्या इमारतीचा प्रस्ताव जोडून पाठवा. ग्रामसभेच्या ठरावात 'याच गट क्रमांकावर, किमान आहेत तेवढ्या वर्गखोल्यांची नवी इमारत' असे शब्द असू द्या. जुन्या इमारतीचे दगड, कौलं, सागाचं लाकूड यांचा लिलाव होतो. त्या पैशांचं काय झालं हेही इतिवृत्तात यायला हवं.

आणि जागेचा कागद तपासा. ही बाब फार महत्त्वाची आहे, तरी कुणी विचारत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी गावातल्या एखाद्या शेतकऱ्यानं शाळेला जमीन तोंडी दिलेली असते. सातबारावर नाव अजून त्याच्याच घराण्याचं. जुनी इमारत उभी असते तोवर कुणी बोलत नाही, ती पडली की वारस पुढे येतात. पाडण्याआधी दानपत्र नोंदवून घेतलेलं असेल तर निम्मी भांडणं जन्मालाच येत नाहीत.

पटसंख्येची आणि भूकंपाची ही गाठ फक्त आपल्याकडेच पडते असंही नाही. कॅनडात व्हँकुव्हरच्या शाळा भूकंपासाठी मजबूत करण्याचं काम चालू असताना प्रांत सरकारनं शाळा ९५ टक्के भरलेल्या असाव्यात, असा आग्रह धरला. २०१६ मध्ये तिथल्या शाळा मंडळापुढे शाळा बंद करण्याची यादीच आली. पालकांनी विरोध केला, अंदाजपत्रकावरून मंडळ आणि सरकार यांचं बिनसलं आणि ऑक्टोबरात अख्खं निवडून आलेलं मंडळ बरखास्त झालं. ९५ टक्क्यांची अट मागे घेतली गेली, पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

पालकांनी मागे लागून खरंच काही बदललं आहे का?

बदललं आहे. त्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पालकांच्या गटानं अभियंत्यांना सोबत घेऊन सरकारचा पिच्छा पुरवला, आणि २००४ मध्ये दीड अब्ज डॉलरचा, पंधरा वर्षांचा शाळा मजबुतीकरण कार्यक्रम जाहीर झाला. त्यांची हुशारी अशी की 'आमची शाळा आधी' हे भांडण त्यांनी मागे ठेवलं. प्रत्येक शाळेचा धोका मोजा, क्रम लावा आणि यादी उघड करा, ही मागणी पुढे केली. काम पंधरा वर्षांत संपलं नाही, अजून चालू आहे. पण यादी उघड असल्यामुळे कुठली शाळा मागे पडली हे दिसतं. आपल्या तालुक्यात कोणत्या शाळेच्या किती खोल्या धोकादायक आहेत, याची यादी पंचायत समितीत असतेच. ती फलकावर लावायला सांगा.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण जुनं आहे. १० मार्च १९३३ ला संध्याकाळी लाँग बीचच्या भूकंपात सत्तर शाळा जमीनदोस्त झाल्या. शाळा सुटलेल्या होत्या म्हणून मुलं वाचली. महिन्याभरात फील्ड कायदा झाला. त्या कायद्याची ताकद सिमेंटच्या प्रमाणात नाही, देखरेखीत आहे. शाळेचा आराखडा राज्याचे अभियंते तपासतात आणि बांधकामावर सतत स्वतंत्र निरीक्षक असतो. आपली मानकं काही कमी नाहीत. भोक आहे ते देखरेखीत.

दुरुस्ती बरी की नवी इमारत?

प्रत्येक गावाला नवी इमारत हवी असते, कारण उद्घाटन नव्या इमारतीचं होतं. खरं तर एकमजली, चुना किंवा सिमेंटात बांधलेली, पाया चांगला असलेली जुनी शाळा मजबूत करणं बऱ्याचदा स्वस्त पडतं आणि लवकर होतं. भिंतीच्या आतून-बाहेरून खिडक्यांच्या वर वेल्डमेशचे (वेल्ड केलेल्या लोखंडी जाळीचे) पट्टे घालून सिमेंटनं बंदिस्त करणं, कोपऱ्यांत उभ्या सळया, दगडी भिंतीत आरपार काँक्रीटचे दुवे, छपराची चौकट भिंतीला बांधणं, ही कामं गावातला गवंडीही शिकवल्यावर करू शकतो. आयएस १३९३५ या भारतीय मानकात पद्धत दिलेली आहे. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपाआधी काठमांडू खोऱ्यातल्या अनेक शाळा अशाच मजबूत केल्या होत्या. त्या टिकल्या.

भिंत मातीत बांधलेली, फुगलेली, पाया खचलेला, किंवा स्लॅबची सळई गंजून पापुद्रे सुटलेले असतील, तर मात्र मजबुतीकरणावर पैसा घालू नये. आणि कोणत्याही परिस्थितीत रंगरंगोटीला दुरुस्ती म्हणू देऊ नका. भिंतीवर डोरेमॉन काढल्यानं भिंत उभी राहत नाही.

जागा कमी आहे. जुन्या खोल्यांवरच दुसरा मजला चढवायचा का?

नाही. इटलीतल्या सान जुलिआनो दी पुलिया या छोट्या गावात ३१ ऑक्टोबर २००२ ला भूकंपात शाळा कोसळली. २७ मुलं आणि एक शिक्षिका गेली. जुन्या दगडी भिंतींवर नवा मजला चढवलेला होता. खालच्या इमारतीचा आराखडा मुळातच दोन मजल्यांसाठी केलेला आहे, हे अभियंता कागदावर दाखवू शकत असेल तरच या विषयावर पुढे बोला.

अंदाजपत्रक आलंय. त्यात आम्ही काय पाहायचं? आम्हाला तर आकडेच कळत नाहीत.

आकडे कळायची गरज नाही. चार-पाच प्रश्न लेखी विचारायचे आणि उत्तर लेखी मागायचं. वेळ मात्र चुकवायची नाही : तांत्रिक मान्यता आणि निविदा होण्याआधी. एकदा कार्यारंभ आदेश निघाला की प्रत्येक बदल 'वाढीव काम' होतो आणि वाढीव कामाला पैसे नसतात.

पहिला प्रश्न असा की आराखडा आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या सध्या लागू असलेल्या आवृत्तीप्रमाणे आहे का, कोणता झोन धरलाय, आणि महत्त्वांक किती धरलाय. शाळेसाठी महत्त्वांक १.५ धरायचा असतो, म्हणजे साध्या घरापेक्षा दीडपट जोर सोसेल अशी इमारत. घराचाच आराखडा शाळेला लावला असेल तर या एका प्रश्नात ते उघडं पडतं.

दुसरा प्रश्न जमिनीचा. जिल्हा परिषदेकडे वर्गखोल्यांचे टाईप प्लॅन, म्हणजे ठरावीक साच्याचे नकाशे, असतात आणि त्यात गैर काही नाही. पण तोच प्लॅन मुरमाच्या टेकडीवर आणि काळ्या रानात जसाच्या तसा चालत नाही. खड्डा घेऊन माती पाहिली का? पाया किती खोल, कोणत्या थरावर? जुन्या माणसांना विचारा, विहीर खणताना मुरूम किती हातांवर लागला होता. ही माहिती अभियंत्याला द्या, तो हसणार नाही.

इमारत विटा-दगडांच्या भिंतींवर उभी राहणार असेल, तर पट्टे विचारा. जोत्याला एक, दारा-खिडक्यांच्या वर एक, छपराखाली एक, असे सळईसह काँक्रीटचे सलग पट्टे सगळ्या भिंतींवरून फिरले पाहिजेत. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जे काम करते, तेच काम हा पट्टा भिंतींसाठी करतो. खिडकीपुरता लिंटेल (खिडकीवरचा आडवा काँक्रीटचा तुकडा) टाकून मध्ये सोडला तर त्याचा भूकंपाला उपयोग नाही. कोपऱ्यांत आणि दारांच्या बाजूंना उभ्या सळया पायापासून छपरापर्यंत हव्यात. दगडी भिंत असेल तर भिंतीच्या आरपार जाणारे दगड, किंवा त्यांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे, साधारण दर दोन फूट उंचीला आणि चार फूट लांबीला हवेत. किल्लारीच्या भिंती दोन वेगवेगळ्या पापुद्र्यांसारख्या सुटल्या, त्यामागे हे दगड नसणं हे मोठं कारण होतं. खिडक्या कोपऱ्याला खेटून नकोत.

कॉलम-बीमची इमारत असेल तर 'नऊ इंची कॉलम' हा शब्द ऐकताच कान टवकारा. आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीनं कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ बारा इंच केली आहे. भिंतीत कॉलम लपला म्हणजे खोली देखणी दिसते, म्हणून नऊ इंचीची सवय सुटत नाही. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं काटकोनात न वाकवता १३५ अंशांत, आतल्या काँक्रीटमध्ये गेलेली हवीत. आणि वर-खाली, बीमजवळ, रिंगा दाट हव्यात.

शाळांमध्ये हमखास सापडणारा एक दोष म्हणजे अर्धी भिंत आणि वर सलग खिडक्या. उजेडासाठी छान. पण दोन कॉलमच्या मध्ये अर्ध्या उंचीपर्यंत घट्ट भिंत बांधली की कॉलमचा मोकळा भाग आखूड होतो आणि हादऱ्याचा सगळा जोर त्या आखूड भागावर येतो. तो तिथेच कापल्यासारखा तुटतो. उपाय कठीण नाहीत, भिंत आणि कॉलम यांत फट ठेवता येते किंवा कॉलमच्या रिंगा पूर्ण उंचीभर दाट करता येतात. पण ते आधी ठरवावं लागतं.

वर्गाची दारं बाहेर उघडणारी असावीत. व्हरांड्याचा कठडा, कुंपणाची भिंत आणि छतावरची पाण्याची टाकी यांचाही आराखड्यात विचार हवा. मुलं पळत बाहेर येतात ती याच गोष्टींखालून.

काम चालू झालं. रोज जाऊन उभं राहायचं का?

रोज नको. दोन वेळा चुकवू नका : काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी आणि प्लास्टर करण्याआधी. त्यानंतर आतलं काही दिसत नाही आणि पुढची साठ वर्षं दिसणारही नाही. समितीच्या ठरावातच लिहून ठेवा की पाया, जोते, लिंटेल आणि स्लॅब यांच्या सळया बांधून झाल्यावर समितीला कळवायचं आणि शाखा अभियंत्यानं तपासल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही. फोनवर तारीख दिसेल असे फोटो, मोजपट्टी धरून. मोजमाप पुस्तिकेत अभियंता काय लिहितो ते तुमच्या फोटोंशी जुळलं पाहिजे.

क्यूब, म्हणजे काँक्रीटच्या चाचणीचे नमुना ठोकळे, भरताना तिथे असा, त्यावर तारीख आणि भागाचं नाव लिहून घ्या आणि २८ दिवसांनंतरचा चाचणी अहवाल मागा. काँक्रीटमध्ये पाणी वाढवू देऊ नका. ओतायला सोपं जावं म्हणून मजूर पाणी वाढवतात आणि ताकद तिथेच जाते.

मग पाणी मारणं. मार्चअखेर निधी खर्ची पडावा म्हणून काम ऐन उन्हाळ्यात निघतं, आणि लातूरकडे मे महिन्यात प्यायलाही टँकर लागतो. अशा कोरड्या उन्हाळ्यात साध्या सिमेंटला किमान १० दिवस आणि आता बहुतेक ठिकाणी मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला १४ दिवस ओलावा हवा. पाण्याची सोय नसेल तर काम पुढे ढकला, असं समितीनं लेखी द्यावं. मुलांच्या पालकांनी पाळी लावून गोणपाटावर पाणी मारल्याची उदाहरणं चांगली वाटतात, पण पाण्याचे पैसे अंदाजपत्रकात धरलेले असतात. ते काम गुत्तेदाराचं, म्हणजे ठेकेदाराचं, आहे.

गुत्तेदार म्हणतो, 'तुम्हाला काय कळतंय त्यातलं?'

'नाही कळत, म्हणून साहेबांना विचारतो' एवढंच म्हणायचं. त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि मजुरांना सूचना द्यायच्या नाहीत. तुमचं बोलणं अभियंत्याशी, तेही लेखी. गुत्तेदार गावातल्याच कुणाचा भाचा असतो, हे गृहीत धरून वागा.

पैसा कुठून येतो?

समग्र शिक्षा, जिल्हा नियोजन समितीचा निधी, जिल्हा परिषदेचा सेस, आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. यातला कोणता लवकर मिळेल हे जिल्ह्यावर आणि वर्षावर अवलंबून. लोकवर्गणीतून खोली बांधण्याचा उत्साह असेल तर तोही बांधकाम विभागाच्या आराखड्यावरच खर्च करा. दानशूर माणसानं स्वतःच्या गवंड्याकडून बांधून दिलेली खोली नाकारणं अवघड जातं, पण कागद नसलेली खोली घेऊ नका.

बांधकामाच्या काळात मुलं कुठे बसवायची?

समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, ग्रामपंचायतीची खोली किंवा दोन पाळ्या, हे नेहमीचे मार्ग. ज्या जागेत हलवणार तीही तपासून घ्या. जुन्या वाड्याची ओसरी मोडक्या शाळेपेक्षा सुरक्षित असेलच असं नाही. खरा प्रश्न मुलींच्या स्वच्छतागृहाचा असतो. सहावी-सातवीच्या मुली याच काळात शाळेत यायच्या थांबतात. पोषण आहार कुठे शिजणार, हेही त्याच बैठकीत ठरवा. पत्र्याचं शेड तात्पुरतं म्हणून घेत असाल तर 'तात्पुरतं' किती महिने, हे ठरावात लिहा.

पत्र्याचं किंवा कौलारू छप्पर असलेली शाळा भूकंपात वाईट का?

उलट. छप्पर हलकं असेल तितकं बरं. धोका छपराखालच्या त्रिकोणी भिंतीत आणि भिंतीला न बांधलेल्या कैच्यांत (छप्पर पेलणाऱ्या तिकोनी चौकटींत) असतो. त्या बांधून घेतल्या तर जुनी कौलारू शाळा अजून बरीच वर्षं देईल.

वर्षातून एकदा मॉक ड्रिल होतं. ते पुरेसं नाही का?

झुका, झाका, धरा हे मुलांना यायलाच हवं. पण झाकायला बाक हवा आणि आपल्या कित्येक वर्गांत मुलं सतरंजीवर बसतात. शिवाय जड छताच्या दगड-मातीच्या खोलीत बाकाखाली बसून काय उपयोग? तळमजल्यावर, दाराजवळ असाल तर मोकळ्यावर जाणंच बरं. ड्रिलमध्ये दार किती सेकंदांत मोकळं होतं ते मोजा आणि कपाटं भिंतीला पट्टीनं ठोका. टीव्ही आणि नकाशांचे स्टँडही. याला निधी लागत नाही.

आमची शाळा खासगी संस्थेची आहे.

अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समिती तिलाही लागू आहे, पण तिथे समितीचं काम फक्त सल्ला देण्याचं असतं. विनाअनुदानित शाळेत शिक्षक-पालक संघातर्फे इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल मागा. संस्था टाळत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जा, कारण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात.

समितीची मुदत दोन वर्षांची आणि काम चालतं चार वर्षं. मग पाठपुरावा कोण करणार?

बहुतेक प्रकरणं इथेच अडकतात. सातवीतलं पोर पुढच्या शाळेत गेलं की बापाचा संबंध संपतो, मुख्याध्यापकांची बदली होते आणि फाईल कपाटात राहते. म्हणून सगळ्या कागदांचे दोन संच करा : एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत. अर्ज, पोच, पाहणी अहवाल, ठराव, जागेचा कागद, मंजूर नकाशा, चाचणी अहवाल, तारखेसह फोटो. नवी समिती बसेल त्या पहिल्या बैठकीत हा संच यादीसह हस्तांतरित झाल्याची नोंद इतिवृत्तात करा. पहिली-दुसरीतल्या मुलांच्या किमान दोन पालकांना समितीवर घ्या, म्हणजे ते काम पूर्ण होईपर्यंत गावातल्या शाळेशी बांधलेले राहतील. इमारत ताब्यात घेताना पूर्णत्वाचा दाखला आणि करारातला दोषदायित्व कालावधी (दोष गुत्तेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायची मुदत) किती, हे लिहून घ्या. तो संपण्याच्या दोन महिने आधी, शक्यतो एक पावसाळा अंगावर घेतल्यानंतर, सगळ्या खोल्या पुन्हा पाहून दोषांची यादी बांधकाम विभागाला द्या. गुत्तेदाराची अनामत तोवरच अडकलेली असते.